कुठे न विचारणाऱ्या काकू

काकूंनी कधी कुणाला 'कुठे निघालात?' असं विचारलं नाही. यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून टोकू नये, काम होत नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणी कुणी ना कुणी बजावलेलं असतंच. पण काकू आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर एका छोट्या चार्टर कंपनीच्या ऑपरेशन्स रूममध्ये कामाला होत्या. कोणतं विमान कधी निघणार, कुठे जाणार, कोण चालवणार, इंधन किती भरायचं हे ठरवणं ही त्यांची नोकरी. 'कुठे' या एका शब्दावर ज्या खोलीचं पोट चालतं, त्या खोलीत बसून या बाईंनी वर्षानुवर्षं तो शब्द तोंडातून काढला नाही.

वैमानिक दारात आला की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "गोइंग फार?" नवा माणूस गडबडायचा. आपण जाणार कुठे हे हिलाच ठाऊक नसेल तर कुणाला असणार, अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसायची. जुने वैमानिक "फार इनफ, काकू" म्हणून मुकाट्याने भिंतीवरच्या फळ्याकडे वळायचे, कारण फळ्यावर सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असायचं. लिहिलेलं चालतं, विचारलेलं चालत नाही, असा काकूंचा नियम होता. इंधनाचा टँकरवाला फोन करून विचारायचा तेव्हा त्या म्हणायच्या, "लांब नाही रे, पण मधे समुद्र आहे." आयर्लंडमधून कुठेही निघा, मधे समुद्र असतोच. तो बिचारा शेवटी स्वतः येऊन फळा वाचून जायचा.

'काकू' हे त्यांचं नाव आहे असाच सगळ्या आयरिश मंडळींचा समज होता. खरं नाव वैजयंती, पण ते फक्त पगाराच्या स्लिपवर. पत्रं 'मिसेस काकू' या नावाने यायची. एकदा गळ्यातल्या ओळखपत्रावरही 'काकू' एवढंच छापून आलं, तर त्यांनी ते बदलून घेतलं नाही. म्हणाल्या, "अगं, सारा एअरपोर्ट पुतण्या झालाय, आता कशाला बदलू?"

मी नागपूरची. नवऱ्याला शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी लागली म्हणून इथे आले, आणि कंपनीचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर आणायला म्हणून काकूंच्या शेजारच्या टेबलावर बसले. काकू नाशिकच्या. त्यांचे यजमान, डॉक्टर काका, लिमरिकच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. "हे लोकांना झोपवतात, मी लोकांना जागं ठेवते, असा आमचा संसार," असं त्या पहिल्या भेटीतच सांगायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या प्रोग्रामकडे पाहिलं. सगळ्यात वर विमान जाणार त्या ठिकाणाचा रकाना होता. "हा खाली घे, आल्या आल्या विचारू नये," त्या म्हणाल्या. मी निमूटपणे खाली घेतला. अशा बायकांशी वाद घालून उपयोग नसतो, हे ज्ञान मी सासरहून घेऊनच आले होते.

"आमच्याकडे बसेस होत्या" हे काकूंचं दुसरं वाक्य. त्यांच्या वडिलांच्या नाशिकला टुरिस्ट बसेस होत्या, आणि जगातला कुठलाही प्रसंग त्या बसेसवर आधी येऊन गेलेला होता. धुकं पडलं, संप झाला, इंजिनातून आवाज आला, प्रवासी बायका भांडल्या, की काकू खुर्चीत मागे रेलून सुरुवात करायच्या, "आमच्याकडे बसेस होत्या ना." डॉक्टर काका तिथे असले तर हे वाक्य ऐकताच चहा ठेवायला उठायचे. आमच्या धंद्याचं काकूंनी मला दिलेलं स्पष्टीकरण मात्र मी अजून विसरले नाही. "वेळापत्रकवाली विमानं म्हणजे एसटी. ती कुणासाठी थांबत नाही. आपण वऱ्हाडाची गाडी. वऱ्हाडाची गाडी मामा सापडल्याशिवाय हलत नाही."

आणि खरंच हलत नव्हती. चार्टर विमानात सगळे एकाच टोळीचे असतात, यात्रेकरू तरी, फुटबॉलचे वेडे तरी. परतीच्या वेळी मोजणी केली की एक हमखास कमी भरायचा. फ्रान्समधल्या तीर्थाच्या गावाहून परतताना एकदा एक आजीबाई नळावर बाटल्या भरत राहिल्या, आणि इकडे अख्खं विमान पट्टे बांधून बसलेलं. काकूंनी तिथल्या विमानतळावर, हॉटेलात, चर्चमध्ये फोन करून त्या आजींना शोधून काढलं. तेव्हापासून हरवलेल्या प्रवाशाला आमच्या कंपनीत 'मामा' म्हणायची पद्धत पडली. कॉर्कचा लाल केसांचा कॅप्टन परदेशातून फोन करून गंभीरपणे सांगायचा, "काकू, वी हॅव अ मामा." मग काकू बाही सरसावून फोन हातात घ्यायच्या.

कंपनीचा इतिहास काकू नव्या माणसाला घराण्याचा इतिहास सांगावा तसा सांगायच्या, दर वेळी थोडा वाढवून. मालकाचं नाव डोनल. त्याच्या वडिलांचा घोड्यांचा व्यापार होता. समुद्रापलीकडच्या घोडेबाजाराला बोटीने जाऊन जाऊन माणसं बेजार व्हायची, म्हणून डोनलने एक जुनं दोन पंख्यांचं विमान घेतलं आणि व्यापाऱ्यांची ने-आण सुरू केली. काकूंच्या इतिहासात मात्र पहिला प्रवासी घोडा होता. डोनल परोपरीने सांगायचा, की घोडा कधीच नव्हता, फक्त घोड्यांचे मालक होते. काकू विचारायच्या, "वास घोड्याचा होता ना? मग घोडा होता." पुढे यात्रेकरू आले, मग फुटबॉलवाले, मग उन्हासाठी आसुसलेली कुटुंबं. कंपनीच्या नावात 'ग्लोबल' असा शब्द होता, आणि आमची सगळ्यात लांबची मजल कॅनरी बेटांपर्यंत.

डोनलचं आणि काकूंचं जमायचं त्याचं कारण वेगळं होतं. इथे मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी असतो. तो एकटा दिसणं अशुभ. म्हणून डोनल रोज सकाळी गाडीतून उतरताना एकट्या मॅगपायला सलाम ठोकून त्याच्या बायकोची खुशाली विचारायचा. काकूंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच त्यांना तो माणूस आपला वाटला. "चांगल्या घरातला आहे, शकुन पाळतो," हे त्यांनी मालकाला दिलेलं प्रमाणपत्र.

विमानं तीन. काकूंनी त्यांची नावं तीन जावांची असावीत तशी ठेवली होती: थोरली, मधली आणि धाकटी. डोनलने घेतलेलं पहिलं दोन पंख्यांचं विमान ती थोरली. हळू चालायची, आवाज करायची, पण कधी कुणाला अडकवून ठेवलं नाही. मधली जेट. ती एका बुडालेल्या कंपनीकडून आलेली, त्यामुळे तिच्यातल्या खुर्च्या दोन रंगांच्या आणि सूचना भलत्याच भाषेतल्या. धाकटी भाड्याची, सगळ्यात नवी आणि सगळ्यात नखरेल. तिच्या कॉकपिटमध्ये सतत कुठला तरी दिवा लागायचा आणि काही झालेलं नसायचं. "माहेर श्रीमंत आहे ना, म्हणून," काकू म्हणायच्या. तिघींचं कौतुक सारखंच करायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण जीव थोरलीत होता. दुपारचा डबा खाऊन झाला की त्या हँगरपर्यंत फेरी मारायच्या आणि येऊन सांगायच्या, "बरी आहे. जरा पाय दुखतात म्हणते." आमचा मुख्य इंजिनिअर शेमस हे ऐकून खरंच जाऊन चाकं बघून यायचा.

निघणाऱ्या वैमानिकाच्या हातावर दही-साखर ठेवणं हा आणखी एक नेम. ऑफिसच्या फ्रिजमध्ये एक डबा आणि एक चमचा कायम असायचा. ज्याला दूध चालत नाही त्याच्यासाठी ओटचं दही. एकदा सरकारी तपासणीला आलेले गृहस्थ दारात थबकले. समोर दोन कॅप्टन उजवा हात पुढे करून शाळकरी पोरांसारखे उभे, आणि एक नऊवारीच्या वयाची पण पँट घातलेली बाई त्यांच्या तळहातावर पांढरं काहीतरी घालते आहे. त्यांनी करड्या आवाजात विचारलं, हे कोणतं औषध? काकूंनी त्यांच्याही हातावर एक चमचा ठेवला. ते खाऊन गृहस्थ म्हणाले, "ग्रँड." त्यावर पुढे काही चौकशी झाली नाही.

सगळं असंच चालत राहिलं असतं तर मला लिहायला फारसं काही नव्हतं. पण साथ आली, विमानं उभी राहिली, आणि उभी राहिली ती राहिलीच. इंजिनांना टोपडी घातलेल्या त्या तिघी पावसात उभ्या असायच्या, आणि काकू छत्री घेऊन त्यांना बघून यायच्या. साथ ओसरल्यावर वऱ्हाडं परत आली, पण ती मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त तिकिटांवर. डोनलने आणखी काही काळ ओढलं. मग एका सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं, बराच वेळ बुटाकडे बघितलं आणि कंपनी बंद करत असल्याचं सांगितलं. त्या दिवशी त्याने मॅगपायला सलाम केला नव्हता, हे काकूंनी मला हळूच सांगितलं.

धाकटीला भाडेवाले घेऊन गेले. मधलीला एक गिऱ्हाईक मिळालं. राहिली थोरली. तिला घ्यायला एक सुट्या भागांचा व्यापारी तयार होता. इंजिनं काढणार, पंखे काढणार, कामाचं ते सगळं काढणार आणि उरलेला सांगाडा कापणार. डोनलचा नाइलाज होता, लोकांचे शेवटचे पगार द्यायचे होते. सोमवारी सही करायची असं ठरलं. काकू खुर्चीत बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "चालत्याबोलत्या बाईचे अवयव काढत नाहीत कुणी. आमच्या ह्यांना विचारा." आणि फोन उचलून त्यांनी थोरलीसाठी स्थळ शोधायला सुरुवात केली.

स्थळ खरोखरच मिळालं. स्कॉटलंडच्याही वर समुद्रात काही बेटं आहेत, तिथली एक लहानशी कंपनी अशाच विमानाच्या शोधात होती. त्यांचा तपासनीस गुरुवारी येणार आणि त्याने शुक्रवारपर्यंत होकार दिला तर थोरली त्यांची. नकार दिला तर सोमवारी कापायला. काकूंनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "उद्या लिमरिकला जाऊन पोहे आण. जाडे. पातळ आणशील, नागपूरची आहेस."

पुढचे दोन दिवस मी जो प्रकार पाहिला त्याला दाखवण्याचा कार्यक्रम याखेरीज दुसरं नाव नाही. थोरलीच्या खिडक्या पुसल्या, गालिचे धुतले, पडद्याला इस्त्री केली. शेमसला सांगितलं, तू मुलीचा बाप, विचारलं तेवढंच बोल. डोनल मुलीचा मामा, त्याने हसतमुख राहायचं. मी शेजारीण, मी मधूनमधून दोन चांगले शब्द टाकायचे. "कोणते?" मी विचारलं. "पोरगी गुणाची आहे, आमच्या डोळ्यांसमोर वाढली," काकूंनी मला पढवलं. मी म्हटलं, "काकू, ती माझ्या जन्माच्या आधीपासून उडतेय." "मग तू तिच्या डोळ्यांसमोर वाढलीस म्हण," त्या म्हणाल्या.

तपासनीसाचं नाव मॅग्नस. उंच, हडकुळा, आणि तोंडातून शब्द काढायला त्याला कर पडत असावा. सगळ्याला एकच उत्तर, "अय." म्हणजे हो, म्हणजे ऐकलं, म्हणजे बघू. तो टॉर्च घेऊन चाकांखाली शिरायच्या आधीच काकू पुढे झाल्या आणि थोरलीच्या खोडी सांगू लागल्या. डावीकडचा हीटर उशिरा तापतो. सातव्या रांगेतली खिडकीकडची खुर्ची मागे जात नाही. पुढचं दार जपून ओढावं लागतं आणि पाऊस असला की ते शीळ घालतं. शेमसने कपाळावर हात मारला. मी काकूंना बाजूला घेऊन विचारलं, हे काय चाललंय? त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "आमच्याकडे बसेस होत्या. बाबा गाडी विकताना खोट आधी सांगायचे. खोट आपण सांगितली की गिऱ्हाईक गुण शोधायला लागतं." मॅग्नसने दिवसभर गुण शोधले की खोट, कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी त्याने पोहे खाल्ले, बशी पुढे केली, आणि पुन्हा खाल्ले. शुक्रवारी सकाळी शेवटची नजर टाकतो आणि सांगतो, एवढं बोलून तो हॉटेलवर गेला.

काकूंच्या लेखी तो होकार होता. दुसऱ्यांदा पोहे मागून कुणी नकार देत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यामुळे मॅग्नसची पाठ वळताच त्यांनी पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चल, ओटी भरायची आहे."

"विमानाची?"

"लेक सासरी चालली आहे. रिकामी पाठवू?"

"कालपर्यंत ती तुमची जाऊ होती, काकू."

"निघाल्या की सगळ्या लेकीच असतात," त्या म्हणाल्या आणि शिडी चढल्या.

कॅप्टनची खुर्ची म्हणजे थोरलीची मांडी, असं त्यांनी ठरवलं. खुर्चीवर हिरवा खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, आणि ओंजळीओंजळीने तांदूळ घातले. मी हसू दाबत हळदकुंकवाची डबी धरून उभी होते. मग त्यांनी सगळं खणात बांधून पिशवीत ठेवलं, सकाळी वैमानिकाच्या हाती द्यायला. ओटी घेतलेली बाई त्यातले थोडे दाणे घरात परत टाकून जाते, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. "तिला हात नाहीत, तिच्या वतीने मी घेते," म्हणून त्यांनी दोन-चार दाणे पदराला, म्हणजे कोटाच्या खिशात, टाकले. थोडे तांदूळ इकडेतिकडे सांडले, ते आम्ही गोळा केले. सगळे केले असं आम्हांला वाटलं.

शुक्रवारी सकाळी मॅग्नस कॉकपिटमध्ये पालथा पडून टॉर्चने पायाखालची जागा बघत होता. बराच वेळ हलला नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तांदळाचे दाणे होते. त्याने पहिल्यांदाच सलग दोन वाक्यं उच्चारली. जिथे दाणे तिथे उंदीर, आणि उंदीर दाण्यांनंतर वायरी खातो. बेटांवर एका विमानाला याच कारणाने महिनोन् महिने बसवून ठेवावं लागलं होतं. आता सगळी जमीन उचकटून वायर न् वायर बघितल्याशिवाय तो होकार देणार नव्हता. शेमस म्हणाला, त्याला पुढचा आठवडा उजाडेल. डोनलने खिशातला फोन चाचपला. सोमवार कुणी तोंडाने म्हटला नाही, पण सगळ्यांना तोच दिसत होता. थोरलीला तिच्याच ओटीने मारलं होतं.

काकू पुढे आल्या. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "नो माऊस. मी."

मॅग्नसला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, त्यांच्या नाशकी इंग्रजीत. आमच्याकडे मुलगी सासरी जाते तेव्हा तिच्या मांडीवर तांदूळ घालतात. तिने उपाशी राहू नये म्हणून, तिथे तिचं भरभरून व्हावं म्हणून. मी घातले, माझ्या हातून सांडले, उंदीर नाही, विमानाचा काही दोष नाही, पोरीला नाकारू नका. पिशवी उघडून त्यांनी खण, नारळ, तांदूळ समोर ठेवले. मॅग्नसने आपल्या हातावरचा दाणा आणि पिशवीतला दाणा शेजारी शेजारी धरून पाहिले. म्हणाला, कॉकपिटमधला एकूण एक दाणा बाहेर आला, आणि कुरतडल्याची एकही खूण दिसली नाही, तर बघू.

मग जे झालं ते आमच्या कंपनीचं शेवटचं उड्डाण म्हणायला हरकत नाही. शेमसने पायाजवळच्या पट्ट्या काढल्या. कॉर्कचा कॅप्टन गुडघ्यांवर, मी पोटावर, डोनल हातात व्हॅक्युमची नळी घेऊन. फटीतले दाणे कशानेच निघेनात, तेव्हा काकूंनी यजमानांना फोन केला. डॉक्टर काकांची त्या दिवशी सुट्टी होती. ते आपला लांब चिमटा घेऊन आले, टॉर्चच्या उजेडात एकेक दाणा उचलू लागले आणि सवयीने म्हणाले, "हलू नका." विमान हललं नाही. दुपारपर्यंत कागदी कपात सगळे तांदूळ जमा झाले. मॅग्नसने आरसा घालून कोपरा न् कोपरा पाहिला. वायरी जशाच्या तशा होत्या. तो बाहेर आला, म्हणाला, "अय," आणि डोनलने पुढे केलेल्या कागदावर सही केली.

आम्ही सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या. वळून बघते तर काकू शिडीच्या खालच्या पायरीवर बसून रडत होत्या. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, काकू, अहो वाचली ती. "वाचली गं," त्या म्हणाल्या, "पण भरलेली ओटी मी स्वतःच्या हाताने काढून घेतली. सगळीच्या सगळी. दोन दाणे परत घ्यायचे असतात, सगळी नसते घ्यायची. रिकामीच चालली पोर." मला नेहमीसारखं काहीतरी चिडवायचं होतं, पण मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

मॅग्नसने मला विचारलं, आता काय झालं? मी सांगितलं. मग तो आपली प्रवासाची बॅग घेऊन आला, नारळ त्यात ठेवला, खणाची घडी ठेवली, तांदळाचा कप एका पिशवीत घट्ट बांधून ठेवला आणि चेन लावली. "प्रवाशाच्या बॅगेत काय आहे ते मी बघत नाही," तो म्हणाला. तो स्वतः थोरलीतूनच परत जाणार होता. काकूंनी नाक पुसलं. बॅग पुन्हा उघडायला लावली, कपातून चिमूटभर दाणे काढून घेतले आणि मगच बंद करू दिली.

शनिवारी सकाळी थोरली निघाली. कॉर्कच्या कॅप्टनच्या हातावर दही-साखर पडली, मग मॅग्नसच्या. त्याने ती खाऊन काकूंना विचारलं, तीन दिवस ऐकतोय, तुम्ही 'कुठे' असं कधीच का विचारत नाही? "विचारलं की वाटेच्या कानावर जातं. मग वाट खोड्या काढते," काकूंनी सांगितलं. तो "अय" म्हणाला आणि शिडी चढला. "गोइंग फार?" काकूंनी खालून विचारलं. मॅग्नसने दारातून मान हलवली. लांब नाही.

नंतर आमची पांगापांग झाली. मी राजधानीच्या सँडीफोर्ड भागात एका ऑफिसात लागले, रोज लुआस ट्रामने जाते, तिथे कुणी कुणाला काहीच विचारत नाही. डॉक्टर काका निवृत्त झाले आणि दोघं नाशिकला परतली. निघताना काकूंच्या ओटीत मी तांदूळ घातले, तर त्यांनी माझं हसू होईल इतक्या काळजीने जमिनीवरचा दाणा न् दाणा उचलायला लावला. त्यांच्या फोनवर उडणारी विमानं दाखवणारं ॲप आहे. रोज मला मेसेज येतो, "उठली." किंवा "आज वाऱ्यामुळे घरीच आहे." आठवड्याला एकदा फोन, आणि फोन ठेवताना आयरिश लोकांसारखं न संपणारं "बाय बाय बाय बाय." तेवढी एक गोष्ट त्या इथून नाशिकला घेऊन गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्या बेटांवर फिरायला गेलो. दोन बेटांमधलं विमान लहान, रंग निळा, नुसतं बघून मी ओळखलं नसतं. पाऊस भुरभुरत होता. आत बसल्यावर पुढच्या दाराने शीळ घातली, आणि थोरलीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्या लेकीने, जी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच बोलते, माझा दंड पकडला. "मॅमी, दॅट्स काकूज प्लेन." आम्ही सातव्या रांगेत होतो. माझी खुर्ची मागे जाईना.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. विमानात चढण्यापूर्वी दारावर एक तरुण मुलगी तिकिटं बघत होती. तिने काकूंना कधी पाहिलं असणं शक्यच नव्हतं. ती प्रत्येकाला हसून विचारत होती, "लांब चाललात का?" शेजारच्या दाराचा माणूस मात्र दुसऱ्या विमानाच्या लोकांना सरळ विचारत होता, कुठे जायचंय. मी तिला म्हटलं, तुम्ही असं का विचारता? ती जरा लाजली. म्हणाली, मॅग्नसचा नियम आहे. बाकीच्या विमानांना विचारलं तर चालतं. या एकाच्या दारात 'कुठे' म्हणायचं नाही. का ते मला माहीत नाही, पण सगळे पाळतात.

उतरल्यावर मी विमानतळावरूनच नाशिकला फोन लावला. काकूंना आधी खुर्चीचं सांगितलं, मग शिळेचं. त्या खुशीत होत्या, "सांगितलं होतं ना मी त्याला?" म्हणाल्या. मग मी दारावरच्या मुलीचं सांगितलं.

"म्हणजे नांदतेय," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी नाक ओढत फोन ठेवला, एकदाही बाय म्हटलं नाही.